खदान बंद झाली, मग टीमच्या जर्सीवरचा लॅम्प काढायचा का? शाल्के ०४ फॉलो करणाऱ्यांनी सांगा

कॉलनीचा_स्टॉपर

नमस्कार मंडळी. मी नागपूरजवळ सावनेर साइडच्या एका खदान कॉलनीत वाढलो, आता नोकरीसाठी नागपुरात मानेवाड्याला राहतो पण रविवारी खेळायला अजूनही कॉलनीतच जातो. आमची फुटबॉल टीम बाबांच्या पिढीनं सुरू केली. सगळे अंडरग्राउंडवाले, फर्स्ट शिफ्ट सुटली की आंघोळ करून सरळ मैदानावर यायचे, नखांत कोळसा तसाच राहायचा. तेव्हापासून आमच्या जर्सीवर छातीशी कॅप लॅम्प (हेल्मेटवरचा दिवा) आहे.

आता खदान बंद होऊन बरीच वर्षं झाली. अर्धे क्वार्टर रिकामे आहेत, लॅम्प रूमचं छप्परही गेलं. टीममधला एकही जण खदानीत नाही, कोणी बुटीबोरीला कंपनीत आहे, कोणी मिहानला, दोघं डिलिव्हरी करतात. यंदा नवीन जर्सी छापायची आहे तर लहान पोरांनी विषय काढला की दादा आपण खदानवाले नाही आता, लॅम्प कशाला पाहिजे, वाघ टाकू. जुने लोक एकदम तापले. मीटिंगमध्ये बाबा काहीच बोलले नाहीत, उठून घरी गेले, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच सुरू आहे.

मी शाळेत असताना राऊल शाल्केला खेळायचा (२०१० ते १२) म्हणून तेव्हापासून शाल्के ०४ हा जर्मनीचा फुटबॉल क्लब बघतो. तो खाणकामगारांचा क्लब आहे एवढं माहीत आहे, पण जर्मनीत तर दगडी कोळशाच्या सगळ्या खाणी बंद झाल्या ना? मग ते लोक अजून स्वतःला खाणकामगार कोणत्या हिशोबानं म्हणवतात आणि ते खरं वाटतं का? ज्यांना इतिहास माहीत आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा, पोरांना वाचून दाखवायचं आहे.

---

निळा_पांढरा_धरमपेठ

भाऊ तू विचारलं तर लिहितो, लांब होईल.

पहिली गोष्ट म्हणजे शाल्के हे शहराचं नावच नाही. शहर गेल्सेनकिर्शेन, शाल्के त्यातली एक वस्ती, कोळसा आणि लोखंडाच्या कारखान्यांच्या मधली. ४ मे १९०४ ला तिथल्या काही पोरांनी वेस्टफालिया शाल्के नावानं टीम काढली, वय चौदा-पंधरा. अशा पोरांच्या टीमला असोसिएशन दारात उभं करेना म्हणून पुढे एका जिम्नॅस्टिक क्लबाच्या आडोशाला जावं लागलं, मग वेगळे झाले, परत एकत्र आले, असं करत करत जानेवारी १९२४ मध्ये आजचं नाव आलं आणि निळा-पांढरा रंग आला. त्याआधी रंग लाल-पिवळा होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ही पोरं कोण होती ते महत्त्वाचं. रुर भागात कोळसा सापडला तेव्हा खाली उतरायला माणसं पाहिजे होती, ती आली पूर्वेकडून, पूर्व प्रशियातून, माझुरियातून (आज पोलंडमध्ये), पोलिश भाषिक भागातून. आपल्या खदानीत छत्तीसगड, बिहार, आंध्रातून लोक आले आणि मग इथलेच झाले, तसंच. क्लबाचे दोन सगळ्यात मोठे खेळाडू एर्न्स्ट कुत्सोरा आणि फ्रिट्झ शेपान, दोघंही माझुरियातून आलेल्या घरातले, दोघं मेहुणे, शेपानची बायको कुत्सोराची बहीण. कुत्सोरा स्वतः खाणीत कामाला होता. बाकीचे लोक या क्लबाला 'पोलाकांचा क्लब' म्हणून चिडवायचे, ती शिवी होती. टोपणनाव 'क्नापेन', म्हणजे जुन्या जर्मनमध्ये खाणकामगार. १९२८ मध्ये स्टेडियम झालं तेही खाण कंपनीच्या जागेवर आणि नाव ठेवलं ग्ल्युकआउफ-काम्फबान. 'ग्ल्युक आउफ' हा खाणकामगारांचा एकमेकांना नमस्कार आहे, खाली जाणारा सुखरूप वर येवो असा त्यातला भाव.

आणि १९३० ची गोष्ट पोरांना नक्की सांग. तेव्हा जर्मनीत खेळाडूला पैसे घ्यायची बंदी, फक्त ठरलेला भत्ता. शाल्केनं त्याहून थोडे जास्त दिले म्हणून असोसिएशननं जवळपास पूर्ण टीमवर बंदी घातली. क्लबाचे हिशोब बघणारे विली निअर यांना ते सहन झालं नाही, त्यांनी कालव्यात जीव दिला. पुढच्या वर्षी, १ जून १९३१ ला, बंदी उठल्यावर पहिला सामना झाला, साधा मैत्रीचा, तर ७० हजार माणसं आली, रेषेला लागून उभी होती. म्हणजे टीमनं एकही राष्ट्रीय कप जिंकायच्या आधी ही गर्दी आहे, लक्षात घे. लोक जिंकणाऱ्या टीमसाठी आले नव्हते, आपल्या पोरांवर अन्याय झाला म्हणून आले होते.

नंतर जिंकलेच म्हणा. १९३४, ३५, ३७, ३९, ४०, ४२ आणि मग शेवटचं १९५८. सात वेळा जर्मनीचे चॅम्पियन. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची आजची वरची लीग, १९६३ ला सुरू झाली, त्यात एकदाही नाही.

---

कामठीचा_विंगर

वरच्या भावानं खेळाबद्दल लिहिलंच नाही, ते मी लिहितो.

शाल्केच्या त्या काळच्या खेळाला म्हणायचे 'शाल्कर क्रायझेल'. क्रायझेल म्हणजे भोवरा. तेव्हा जर्मनीत लांब मारा आणि पळा असाच खेळ चालायचा, यांनी बॉल जमिनीवर ठेवला आणि छोटे छोटे पास देत समोरच्याला फिरवत ठेवला, ज्याच्याजवळ बॉल नाही तोही जागा बदलत राहणार. कुत्सोरा-शेपानची जोडी त्याच्या मधोमध. १९३९ च्या फायनलला व्हिएन्नाच्या आडमिराला ९-० नं हरवलं, फायनलला ९!

आमच्या कामठीत जुने खेळाडू अजून सांगतात की पाऊस पडल्यावर मैदानात चिखल झाला की बॉल पायाला चिकटवून द्यायचा, उचलायचा नाही. मला भोवऱ्याचं वाचल्यावर तेच आठवलं. अरुंद गल्लीत, दोन घरांच्या मधात खेळून मोठी झालेली पोरं लांब बॉल मारतच नाहीत, मारायला जागाच नसते. खाण वस्तीतल्या खेळाची ओळख जर्सीच्या आधी पायात असते असं मला वाटते. तुमच्या टीमचा खेळ कसा आहे ते सांग नं भाऊ.

---

रिटायर्ड_ओव्हरमन

मी ३४ वर्ष अंडरग्राउंड काम केलं. सिरदार होतो मग ओव्हरमन झालो, दोन्ही देखरेखीचे हुद्दे. मुलानं हा धागा दाखवला म्हणून लिहून राहिलो, टायपिंगमध्ये चुका झाल्या तर समजून घ्या.

लॅम्पबद्दल पोरांना एक सांगा. लॅम्प म्हणजे शोभा नाही. शिफ्टला जाताना लॅम्प रूममध्ये आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा अन् लॅम्प घ्यायचा. वर आलं की लॅम्प जमा, बिल्ला परत. शिफ्ट सुटल्यावर बोर्डावर एखादा बिल्ला लटकून राहिला तर त्याचा अर्थ माणूस अजून खाली आहे. मग कोणी घरी जात नव्हतं. मी ओव्हरमन असताना आधी तो बोर्ड बघायचो मग हात धुवायचो. तुमच्या बाबांनी पण बघितला असेल. ते मीटिंगमधून उठून गेले म्हणता, त्यांना वाघाचा राग नसेल आला.

तो जर्मनीचा नमस्कार वाचून बरं वाटलं. आम्ही केजमध्ये (खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात) उतरताना 'सांभाळून बाबा' म्हणायचो.

---

बोखुमहून_परत

काकांचं वाचून डोळे भरून आले. मी नागपूरचीच, मास्टर्ससाठी बोखुमला होते, गेल्सेनकिर्शेन तिथून लागूनच. शाल्केच्या स्टेडियमला ३०२ नंबरची ट्राम जाते, मी दोनदा गेले, तेव्हा जे बघितलं तेवढंच सांगते.

ट्राम जुन्या शाल्के वस्तीतून जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूला घरं, दुकानं, खांब सगळं निळं-पांढरं रंगवलेलं, पण बरीच दुकानं बंद. एकेकाळी त्या शहराला 'हजार आगींचं शहर' म्हणायचे, भट्ट्यांमुळे. लोकसंख्या पन्नास-साठच्या दशकात चार लाखांच्या जवळ होती, आता अडीच लाखांच्या थोडी वर, आणि बेकारी जर्मनीतल्या सगळ्यात जास्त बेकारीच्या शहरांत. तुमच्या रिकाम्या क्वार्टरचं वाचलं आणि मला तोच रस्ता आठवला. तिथे संत योसेफचं एक चर्च आहे, त्याच्या रंगीत काचेत एक संत आहे, पायात फुटबॉलचे बूट आणि जवळ बॉल. मी खोटं सांगत नाही, खिडकीत आहे.

सामना सुरू व्हायच्या आधी पूर्ण स्टेडियम, साठ हजार माणसं, खाणकामगारांचं जुनं गाणं म्हणतात. त्यात 'श्टायगर' येतो, त्यानं आपला दिवा आधीच पेटवलेला आहे असं ते गाणं आहे. श्टायगर म्हणजे खाणीतला मुकादम, काका, तुमचाच हुद्दा समजा. माझ्या बाजूला एक आजोबा होते, निळा मफलर, ते गाताना अजिबात ओरडत नव्हते, हलक्या आवाजात शब्द न शब्द म्हणत होते. त्यांच्या पलीकडे सतरा-अठराची तुर्की घरातली दोन पोरं, तीही तेच म्हणत होती. तुर्कस्तानातून १९६१ नंतर कामगार आले तेही खाणीत उतरले, मेसुत ओझिल आणि इल्काय ग्युंदोआन दोघं गेल्सेनकिर्शेनलाच जन्मले. म्हणजे त्या पोरांच्या आजोबांनी कोळसा काढला असेल किंवा नसेलही, पण गाणं त्यांचं झालं होतं.

खेळाडू मैदानात येतात तो बोगदा खाणीच्या बोगद्यासारखा केला आहे, काळ्या कोळशाच्या भिंतींसारखा. डिसेंबर २०१८ मध्ये बॉट्रॉपची शेवटची खाण बंद झाली, जर्मनीतला दगडी कोळसा तिथे संपला, तेव्हा शाल्केनं घरच्या सामन्यात खाणकामगारांचे आभार मानले. स्टेडियमजवळच्या दफनभूमीत चाहत्यांसाठी वेगळा भाग आहे, स्टेडियमच्या आकाराचा, १९०४ जागा.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, शाल्केच्या क्रेस्टवर, म्हणजे क्लबाच्या चिन्हावर, दिवा नाही. हातोडा नाही, कुदळ नाही. फक्त अक्षरं आहेत आणि ०४.

---

धंतोलीची_वाचक

ताई छान लिहिलंत. पण पोरांना वाचून दाखवणार आहात तर अर्धाच इतिहास दाखवू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वर जी सात विजेतेपदं मोजली त्यातली सहा १९३४ ते १९४२ मधली. म्हणजे हिटलरच्या काळातली. कामगारांचा क्लब म्हणून नाझींनी शाल्केला मिरवलं आणि क्लबानं मिरवून घेतलं. १९३३ पर्यंत क्लबाचे उपाध्यक्ष पॉल आयखनग्र्यून नावाचे ज्यू डेंटिस्ट होते, त्यांना पद सोडावं लागलं, पुढे देश सोडावा लागला. आणि ज्या शेपानबद्दल वर एवढं प्रेमानं लिहिलं आहे, जो १९३४ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीचा कॅप्टन होता, त्यानं १९३८ मध्ये शाल्के मार्केटमधलं एक कापडाचं दुकान घेतलं. ते दुकान ज्यू मालकांकडून जबरदस्तीनं काढून घेतलेलं होतं. मालक होते सॅली मायर आणि युली लिख्टमान ही बाई, दोघांना पुढे लाटव्हियातल्या रिगाला नेऊन मारलं. त्याच वस्तीतली माणसं, त्यांच्या दुकानातून कापड घेऊन क्लबाच्या लोकांनी कपडे शिवले असतील.

हे कित्येक वर्षं कोणी बोललं नाही. नवीन स्टेडियम झालं तेव्हा तिथल्या रस्त्याला शेपानचं नाव देणार होते, मग हा विषय वर आला आणि २००१ मध्ये ते मागे घेतलं. कुत्सोराच्या नावाचा रस्ता आहे. पुढे क्लबानं स्वतः इतिहासकारांकडून त्या काळाचा अभ्यास करून घेतला, तो २००५ मध्ये छापला. मला शाल्केबद्दल आदर वाटतो तो यासाठी वाटतो. खाणकामगारांचा क्लब म्हणवून घ्यायचं तर खाण वस्तीत कोणाकोणाचं काय झालं ते सगळं आपलं, दुकानवाल्या बाईसकट.

---

निळा_पांढरा_धरमपेठ

ताई बरोबर बोललात. मी ती वर्षं नुसती मोजून पुढे गेलो, तिथे थांबायला पाहिजे होतं. १९७१ चंही मीच सांगून टाकतो मग. १७ एप्रिलला शाल्के घरच्या मैदानावर बीलेफेल्डशी मुद्दाम ०-१ हरले, खेळाडूंनी माणशी २,३०० मार्क घेतले, आणि वरून कोर्टात शपथेवर खोटं बोलले. बाकीचे चाहते तेव्हापासून 'खोट्या शपथेचा क्लब' म्हणायला लागले. ज्या मैदानावर १९३१ ला ७० हजार लोक पोरांच्या बाजूनं उभे राहिले त्याच मैदानावर हे झालं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, आणि मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

---

बजाजनगर_६

मी डॉर्टमुंडवाला आहे, म्हणजे शाल्केच्या शेजारच्या वैरी क्लबाचा, त्यामुळे हे माझ्याकडून आलेलं चालेल का माहीत नाही. आमच्याकडे शाल्केचं नाव घेत नाहीत, 'हेर्ने-वेस्ट' म्हणतात, ते आम्हाला 'ल्युडेनशाइड-नॉर्ड' म्हणतात. तरी २००१ चं मीही विसरत नाही.

१९ मे २००१, शेवटचा दिवस. शाल्केनं उंटरहाखिंगला ५-३ हरवलं, त्यांच्या जुन्या पार्कस्टाडिऑनमधला तो शेवटचा बुंडेसलिगा सामना. तिकडे बायर्न हांबुर्गला शेवटच्या मिनिटाला ०-१ मागे. शाल्के चॅम्पियन, लोक मैदानात, रडणं, मिठ्या, १९५८ नंतर पहिल्यांदा. आणि मग मोठ्या स्क्रीनवर दिसलं की हांबुर्गचा सामना संपलेलाच नाही. हांबुर्गच्या गोलकीपरनं बॅकपास हातात घेतला, बायर्नला बॉक्समध्ये इनडायरेक्ट फ्री किक, ९४ व्या मिनिटाला अँडरसननं मारली, गोल, १-१, बायर्न चॅम्पियन. शाल्के चार मिनिटं चॅम्पियन होते. तो गोलकीपर शोबर मूळचा शाल्केचा. एका आठवड्यानं त्यांनी जर्मन कप जिंकला, पण लोक आठवण काढतात ती त्या चार मिनिटांची.

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. गाणं, बोगदा सगळं ठीक, पण क्लब चालवणाऱ्यांनी काय केलं? कर्ज काढलं, २००७ पासून रशियन गॅस कंपनीचं नाव छातीवर घेतलं, ते २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाल्यावर काढलं. २०२०-२१ ला पूर्ण सीझनमध्ये १६ पॉइंट, त्याच्या आधी-मधात सलग ३० लीग सामने एकही जिंकले नाहीत, खाली गेले, एक वर्षात वर आले, २०२३ ला परत खाली. कोळशाच्या क्लबाच्या छातीवर गॅसचं नाव १५ वर्षं होतं, तेव्हा दिव्याचं काय झालं होतं?

---

बोखुमहून_परत

प्रश्न बरोबर आहे, राग येण्यासारखंच आहे ते. फक्त एक भर घालते, तो क्लब आजही सभासदांचा आहे. बऱ्याच जर्मन क्लबांनी फुटबॉलची वेगळी कंपनी केली, शाल्के अजून नोंदणीकृत संस्थाच आहे आणि दीड लाखाच्या वर सभासद, दुसऱ्या डिव्हिजनला गेल्यावरही. ज्यांनी गॅसचं नाव घेतलं त्यांना सभेत उभं राहून विचारणारेही तेच.

---

कामठीचा_विंगर

२०१७ चा शाल्के-डॉर्टमुंड डर्बी कोणीच सांगितला नाही, डॉर्टमुंडवाल्या भावाला आठवण करून देतो, हाफ टाइमला ०-४ आणि फुल टाइमला ४-४, नाल्डो ९४ व्या मिनिटाला. यावेळी ९४ वं मिनिट शाल्केचं होतं.

---

कॉलनीचा_स्टॉपर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, सामन्यानंतर मैदानावरच सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं, एक तास लागला. वाघ पाहिजे म्हणणारा आमचा गोलकीपर, १९ वर्षांचा आहे, त्यानं सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. त्याला दुकानवाल्या बाईचं नाव दोनदा विचारायचं होतं. मग तो म्हणाला की दादा आमच्या घरी पण आजोबांचा बिल्ला आहे पण तो कशाचा आहे ते मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही, मला वाटलं हाजिरीचा असेल.

भांडण मिटलं असं नाही. तिघं अजून म्हणतात समोर नवीन काहीतरी पाहिजे, आणि ताईनं क्रेस्टचं लिहिलं ते त्यांनी बरोबर पकडलं, की शाल्केच्या पण छातीवर नाहीच आहे. शेवटी असं ठरलं की समोर गावाचं नाव आणि टीमचं वर्ष, मोठ्या अक्षरांत. लॅम्प मागच्या बाजूला, कॉलरच्या खाली, छोटा. आणि प्रत्येकाच्या पाठीवर जो नंबर येईल तो आपल्या घरातल्या बिल्ल्याचा, ज्यांच्याकडे आहे त्यांच्या. अडचण अशी की बिल्ले तीन-चार आकडी आहेत, लीगमध्ये तो नंबर चालत नाही म्हणतात, तर तो बाहीवर टाकायचा का बघून राहिलो. कोणी छापून घेतलं असेल बाहीवर तर इतवारीत कोण चांगलं करतो ते सांगा, धुतल्यावर निघायला नको.

विंगर भाऊ, आमचा खेळ कसा विचारलं होतंस. आमचं मैदान एका बाजूनं उताराचं आहे, सबसिडन्समुळे (खाली खाण असल्यानं जमीन खचली) दबलं आहे, त्यामुळे लांब बॉल मारला की सरळ नाल्यात जातो. म्हणून आम्ही पण खालूनच खेळतो.

काका, बाबांना तुमचं वाचून दाखवलं. ते तुमच्या कॉलरीचं नाव विचारत होते, आणि कोणत्या साली सिरदारची परीक्षा दिली ते.

---

रिटायर्ड_ओव्हरमन

१९८४. बाबांना नंबर द्या, मी फोन करतो.